पंच्याहत्तरीच्या आतले

काकांच्या पंच्याहत्तरीनं काकांना जवळजवळ मारलंच होतं. आता हे मी हसत सांगू शकते, कारण काका ठणठणीत आहेत आणि परवाच फोनवर माझ्याशी वांग्याच्या भाजीवरून भांडले. पण तेव्हा माझं डोकं असं फिरलं होतं की विचारू नका.

काका म्हणजे माझ्या घरमालकिणीचे वडील. मी अमेरिकेत, पिस्कॅटवेला युनिव्हर्सिटीत संशोधन करते आणि एका मराठी घराच्या बेसमेंटमध्ये राहते. वर ताई, भाऊजी आणि त्यांचं नवं कोरं बाळ. ताईचं माहेर नागपूरचं, माझंही नागपूरचं. घर बघायला गेले तेव्हा दार उघडताच ती ‘जय भीम’ म्हणाली आणि पुढच्या आठवड्यात मी बॅगा घेऊन हजर झाले. ताईच्या बाळंतपणासाठी काका एकटेच आले. काकू काही वर्षांपूर्वी लकव्यानं गेल्या होत्या, त्यामुळे बाळंतिणीचे डिंकाचे लाडू काकांनीच केले. इतके कडक झाले होते की भाऊजींनी पहिल्याच लाडवाला हात जोडले.

काका गणिताचे मास्तर. रिटायर होऊन जमाना झाला, पण मास्तरकी जात नाही. आल्या आल्या त्यांनी मला विचारलं, ‘‘तू नेमकं काय करून राहिली इथे?’’

माझं काम ऐकून लोकांची तोंडं पडतात, म्हणून मी हल्ली ‘डेटावर काम करते’ एवढंच सांगते. काकांना ते चालेना. मग सांगितलं की युरोपात एक चिमुकला देश आहे, विदर्भात कुठेही ठेवला तरी जागा उरेल एवढा. तिथे दर वर्षी जे लोक मरतात, त्यातली किती मरणं टाळता आली असती, ते मी काढते. काही मरणं अशी असतात की रोगच होऊ दिला नसता तर माणूस वाचला असता. काही अशी की रोग झाला होता, पण वेळेवर बरं औषध मिळालं असतं तर वाचला असता. दोन्हींच्या वर्षानुवर्षांच्या रेघा काढायच्या आणि त्या खाली येतात का वर जातात ते बघायचं.

‘‘गेली आहेस का त्या देशात?’’

‘‘नाही.’’

‘‘कोणी ओळखीचं?’’

‘‘नाही हो. पण साठीतले पुरुष तिथे कशानं जातात ते मला त्यांच्या सुनांपेक्षा जास्त ठाऊक आहे.’’

काका खो खो हसले. त्या दिवसापासून तो देश म्हणजे माझं सासर झालं. सकाळी वर चहाला गेले की काका विचारणार, ‘‘काय म्हणतं सासर? आज किती वाचले?’’ लक्षात घ्या, किती मेले असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. माझी गाईड इतकी वर्षं मला ‘मृत्यूंची रेघ’ म्हणायला शिकवतेय. काकांनी एका चहात ती वाचलेल्यांची रेघ करून टाकली. रेघ खाली आली की ते खूश. मधला तो साथीच्या वर्षांचा उंचवटा दाखवला तेव्हा त्यांनी जीभ चावली आणि ‘‘अरेरे, तुझ्या सासरीपण!’’ म्हणाले.

आमचं पहिलं भांडण झालं ते वयावरून. मी बोलता बोलता सांगून बसले की ही मोजणी पंच्याहत्तरीच्या आतल्यांचीच असते. पंच्याहत्तर झाली की माणूस बाहेर.

‘‘बाहेर म्हणजे?’’

‘‘म्हणजे त्यानंतर कोणी गेलं तर ते मरण आम्ही टाळण्याजोगं धरत नाही. कुठेतरी थांबावं लागतं ना, काका.’’

‘‘कोणी ठरवलं हे?’’

‘‘तज्ज्ञांनी.’’

‘‘त्यांची वयं काय होती?’’

काका पेटले होते. ‘‘सरकारनं मला अठ्ठावन्नला नोकरीतून रिटायर केलं. आता तू मला मरणातूनही रिटायर करते का? मी चौऱ्याहत्तरचा आहे, बापा!’’

ताई पोळ्या लाटता लाटता हसत होती. तिला तिथेच कल्पना सुचली. बाबांना पंच्याहत्तर होतायत तर आपण इथेच अमृतमहोत्सव करायचा. हॉल घ्यायचा, वंदना करायची, दोन तसबिरींपुढे पंच्याहत्तर मेणबत्त्या लावायच्या, सगळ्यांना जेवायला बोलवायचं. वाढदिवस काकांच्या परतीच्या तिकिटानंतर येत होता. मग काय, तिकीट पुढे ढकललं, मुक्काम वाढवायचा अर्ज केला. एडिसनपासून पार हर्नडनपर्यंतच्या लोकांना व्हॉट्सॲपवर आमंत्रणं गेली. काका वरवर कुरकुरत होते, पण त्यांनी भाषण लिहायला घेतलं होतं, म्हणजे मामला पक्का.

‘‘बघ हं,’’ ते मला म्हणाले, ‘‘तुझ्या मोजणीत यायचं असेल तर मला घाई करायला पाहिजे.’’

‘‘काका, काहीतरी शुभ बोला.’’

‘‘गणितात शुभ-अशुभ काही नसतं.’’

आता अडकित्त्याचं सांगायला हवं. काकांनी येताना एक पितळी अडकित्ता आणला होता, काकूंचा. सुपारी काकांची केव्हाच सुटली होती. म्हणजे डेंटिस्टनं घाबरवलं आणि ताईनं फोनवर रडून सोडवली. अडकित्ता मात्र आठवण म्हणून बॅगेत आला. माझ्या बेसमेंटचं छत म्हणजे वरच्या स्वयंपाकघराची जमीन. लाकडी घर, वर कोणी चमचा पाडला तरी मला कळतं. तर मुक्काम वाढल्यानंतर थोड्याच दिवसांनी रोज सकाळी मला वरून आवाज यायला लागला. कट्. एकच. मग नळ, मग काकांचं खाकरणं.

मी मनात म्हटलं, अच्छा! म्हातारबुवांनी सुपारी परत सुरू केली तर!

चहाला गेले तेव्हा हळूच म्हटलं, ‘‘काका, आज सुपारीचं खांड जरा कडक होतं वाटतं.’’

काका दचकले. मग इकडेतिकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. ‘‘लेकीला सांगू नको. तुला कळलं तेवढं बास.’’

झालं! मला काय, असली गुपितं फार आवडतात. मी रोज त्यांना चिडवायला लागले. आज पिवळी की भाजकी, कोणी आणून दिली, ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानातनं आणली का? काका गालात हसायचे आणि विषय बदलायचे. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात एक चपटी डबी असायची, तिच्यावर थाप मारून म्हणायचे, ‘‘म्हाताऱ्याला एक तरी व्यसन पाहिजे ना.’’ माझ्याइतकं सोयीचं गिऱ्हाईक त्यांना जन्मात मिळालं नसेल.

याच सुमाराला काकांचं डोकं दुखायला लागलं. सकाळी उठले की मफलर कपाळाला घट्ट बांधून बसायचे. म्हणायचे, तुमच्या या हीटिंगनं डोकं उठतं. फिरायला गेलो की आधी मला मागे टाकणारे काका कोपऱ्यावरच्या घराच्या कट्ट्यावर टेकायचे आणि समोरच्या झाडाचं नाव विचारायचे. मला झाडांची नावं येत नाहीत हे त्यांना चांगलं माहीत होतं. ताई म्हणाली, ‘‘बाबांना घराची आठवण येतेय.’’ भाऊजी म्हणाले, ‘‘बाळ त्यांना झोपू देत नाही.’’ मी म्हटलं, भाषणाचं टेन्शन असेल.

कार्यक्रमाच्या आधीच्या शनिवारी आम्ही हॉल बघायला गेलो. भाऊजी घरी झोपा काढत होते, कारण रात्रीचं बाळ त्यांच्याकडे असायचं. ताई मॅनेजरशी बोलायला आत गेली आणि काका, मी आणि कारसीटमध्ये झोपलेलं बाळ पार्किंगमध्ये थांबलो. दुपारी काकांनी सावजी चिकन केलं होतं. मी पोट फुटेस्तोवर जेवले होते आणि घशाशी येत होतं.

‘‘काका, एक खांड द्या ना.’’

‘‘संपली.’’

‘‘खिशात डबी दिसतेय.’’

‘‘रिकामी आहे.’’

‘‘बघू तरी!’’ म्हणून मी पुढच्या सीटकडे वाकले आणि त्यांच्या खिशातून डबी खेचली. ते ‘‘ए ए, सोड’’ म्हणेपर्यंत मी झाकण उघडलंसुद्धा होतं.

आत सुपारी नव्हती. पांढऱ्या गोळ्यांचे अर्धे अर्धे तुकडे होते. काही नीट अर्धे, काहींचा कोपरा उडालेला.

‘‘काका, हे काय आहे?’’

‘‘बीपीची आहे.’’

‘‘अर्धी?’’

काकांनी खिडकीबाहेर बघत, वर्गात फळ्यासमोर उभं राहिल्यासारखं मला समजावून सांगितलं. गोळ्या आणल्या त्या ठरलेल्या मुक्कामापुरत्या. मुक्काम वाढला. आपल्याकडे औषध काय, भाजणी काय, चष्मा काय, ‘कोणीतरी येतंय’ त्याच्याबरोबर येतं. नागपूरहून त्यांच्या एका विद्यार्थ्याचा मुलगा येणार होता, त्याच्याकडे गोळ्या द्यायचं ठरलं होतं. त्यानं येणं कॅन्सल केलं. मग उरलेल्या गोळ्या आणि उरलेले दिवस यांचा काकांनी भागाकार केला. उत्तर आलं अर्धी, रोज सकाळी अडकित्त्यानं तोडलेली.

‘‘सोपं गणित आहे,’’ काका म्हणाले.

मी ओरडले. म्हणजे चक्क किंचाळले. बाळ दचकून उठलं आणि तेही किंचाळायला लागलं. ‘‘सोपं? काका, मी दिवसभर काय करते माहीत आहे ना तुम्हाला? हेच मोजते! माझ्या त्या देशातले निम्मे म्हातारे असेच गेलेत, गोळी घरात असून! अहो, ताईला सांगायचं ना!’’

‘‘लेकीच्या घरी येऊन मागत बसू? जावई रात्रभर पोराला घेऊन फिरतो. त्याला म्हणू, आता मला डॉक्टरकडे ने? बाप लेकीकडे येतो तो द्यायला येतो, बाई. घ्यायला नाही.’’

‘‘काय द्यायला? हार्टअटॅक?’’

काका थोडे हसले, मग हसू गेलं. मागे हात करून बाळाला थोपटत हळू आवाजात म्हणाले, ‘‘एक आठवडा राहिला आहे. एवढा कार्यक्रम होऊ दे. तिनं किती हौसेनं मांडलाय. आता कळलं तर सगळं रद्द करून बसेल. मग मी स्वतः सांगतो. तुला माझी शपथ आहे.’’

‘‘शपथ?’’ मी म्हटलं. ‘‘जन्मभर पोरांना काय शिकवलंत? शपथ मोडल्यानं कोणी मरत नाही. गोळी मोडल्यानं मरतं.’’

तेवढ्यात ताई आली. दार उघडता उघडताच वैतागून म्हणाली, ‘‘हॉलमध्ये मेणबत्त्या अलाउड नाहीत म्हणे, फायर अलार्म वाजतो.’’ मी उघडी डबी तिच्या हातात दिली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. काका माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते.

ताईनं बाळाचा बेल्ट ओढून बघितला, गाडी सुरू केली आणि घराच्या उलट दिशेला वळवली. मी मनातल्या मनात म्हणत होते, पोचू दे, एवढं पोचू दे.

अर्जंट केअर नावाच्या तातडीच्या दवाखान्यातल्या नर्सनं काकांच्या दंडाला पट्टा बांधला, आकडा बघितला, पट्टा सोडला, दुसऱ्या दंडाला बांधला. मग तडक डॉक्टरला बोलवायला गेली. मला तेवढ्यानंच कळलं. डॉक्टरीण तरुण होती. तिनं काकांच्या डोळ्यांत बॅटरी मारली, हात दाबून बघितले, धुरकट दिसतं का विचारलं. काका इंग्रजीत म्हणाले, आय वॉज मॅथमॅटिक्स टीचर, जणू त्यानं ब्लडप्रेशर उतरणार होतं. ती हसली, तिथेच औषध दिलं, आम्हाला बराच वेळ बसवून ठेवलं आणि आकडा उतरल्यावर ताईला बाजूला घेऊन म्हणाली की या आकड्याची माणसं आमच्याकडे स्वतः चालत येत नाहीत. ॲम्ब्युलन्समधून येतात. काही येतच नाहीत. मी शेजारीच उभी होते. माझ्या रेघेतली माणसं मला पहिल्यांदा अशी दोन हातांवर दिसली.

मग औषध घ्यायला गेलो. फार्मसीला ड्राइव्ह-थ्रूची खिडकी होती. ताईनं काच खाली केली, काकांचं नाव आणि जन्मतारीख सांगितली, आतल्या मुलीनं कागदी पिशवी दिली. तीच गोळी, फक्त नाव वेगळं.

‘‘इतकंच?’’ काका म्हणाले.

‘‘इतकंच,’’ मी म्हटलं.

‘‘कॉफी देतात तसं?’’

त्यावर ताई फुटली. खिडकीशी गाडी उभी, मागे रांग, आणि ही स्टिअरिंगवर डोकं ठेवून हमसून हमसून रडतेय. ‘‘बाबा, तुम्ही माझ्या घरी पाणीसुद्धा विचारून पिता. अजून पाहुणेच आहात का तुम्ही? आईच्या वेळी मी पोचले नाही. तुमच्या वेळी तर मी एकाच घरात होते!’’ मागच्या गाडीनं हॉर्न मारला. काकांनी मागे वळून त्या माणसाला हात जोडले आणि लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. मी बाळाला घेऊन खुळखुळा वाजवत बसले, कारण मलाही रडू येत होतं.

कार्यक्रम रद्द झाला नाही. उलट भाऊजींनी डॉलर स्टोअरमधून सेलवर चालणाऱ्या मेणबत्त्या आणल्या. पंच्याहत्तर एका दुकानात मिळेनात, म्हणून बिचारे तीन दुकानं फिरले. घरात नवा नियम झाला. गोळी संध्याकाळच्या चहाला, सगळ्यांसमोर, जीभ बाहेर काढून दाखवायची. काका म्हणाले, हा अपमान आहे. ताई म्हणाली, असू दे.

हॉल गच्च भरला होता. त्रिशरण-पंचशील झालं, त्या प्लास्टिकच्या मेणबत्त्या लुकलुकल्या, एक मात्र शेवटपर्यंत पेटली नाही आणि सगळी पोरं तिच्याच मागे लागली होती. काकांनी भाषणाचा कागद खिशातच ठेवला. म्हणाले, ‘‘मी पस्तीस वर्षं भागाकार शिकवला. मागच्या महिन्यात स्वतः केला. गणित बरोबर होतं, उत्तर चुकलं. ज्यांनी ज्यांनी बॅगेत औषधं मोजून आणली आहेत त्यांनी घरी जाऊन पोरांना सांगा.’’ टाळ्या पडल्या. मला मागच्या रांगेत तीन-चार आज्या एकमेकींकडे बघताना दिसल्या. जेवणाच्या वेळी त्यातली एक मावशी माझ्याजवळ येऊन कानात कुजबुजली, ‘‘थायरॉईडची पण चालते का गं अर्धी?’’

‘‘नाही चालत, मावशी!’’ मी इतक्या जोरात म्हटलं की तिच्या ताटातली जिलबी हलली. तिच्या सुनेला शोधून सांगितलं, मगच जेवले.

संध्याकाळी घरी आलो. मी खाली येऊन लॅपटॉप उघडला होता. जिन्यावर पावलं वाजली. काका सहसा खाली येत नसत, जिना उंच आहे. खुर्चीत बसले, जरा दम घेतला. स्क्रीनवर माझी रेघ होती.

‘‘आजपासून मी बाहेर,’’ ते म्हणाले.

‘‘मी तुम्हाला आतच धरते, काका.’’

त्यांनी मान हलवली, पण लक्ष दुसरीकडेच होतं. ‘‘लकव्यानं गेलेलं माणूस कोणत्या रकान्यात टाकता तुम्ही?’’

‘‘दोन्हीत. अर्धं इकडे, अर्धं तिकडे. कारण तो होऊच नये म्हणूनही करता येतं, आणि झाल्यावरही वाचवता येतं.’’

‘‘पंच्याहत्तरीच्या आत असलं तर.’’

‘‘हो.’’

‘‘हिचं एकोणसत्तर होतं.’’

मी त्यांच्याकडे वळून बसले.

‘‘ती गेल्यावर पुण्यानुमोदनाला आलेला प्रत्येक जण म्हणाला, आयुष्य तेवढंच होतं. मी पण म्हणालो. वेळ आली होती, म्हणालो.’’ त्यांनी खिशातून अडकित्ता काढून माझ्या टेबलावर ठेवला. ‘‘तिला बीपीची गोळी दिली होती डॉक्टरनं. कोणीतरी मला सांगितलं, गोळीची सवय लागते, अर्धीच द्या. रोज सकाळी मीच तोडून द्यायचो. यानं.’’

‘‘काका, तुम्हाला माहीत नव्हतं.’’

‘‘मास्तर होतो मी. कोणाला तरी विचारायचं ना?’’

मी त्यांचा हात धरून बसले. काका स्क्रीनकडे बघत होते, ती रेघ जिथे सुरू होते त्या उंच टोकाकडे.

‘‘यात अशा बऱ्याच असतील नाही गं?’’

‘‘असतील, काका.’’

‘‘आणि त्यांचे म्हातारे तिकडे म्हणत असतील, वेळ आली होती.’’

वरून ताईनं हाक मारली, ‘‘बाबा, चहा झालाय! गोळी!’’

‘‘येत नाही, इथेच घेतो,’’ काकांनी वर ओरडून सांगितलं. ‘‘ही साक्षीदार आहे!’’ मग पाकिटातून गोळी काढून तळहातावर घेतली, जरा वेळ तिच्याकडे बघितलं.

‘‘पाणी दे गं,’’ म्हणाले. ‘‘जरा जास्तच दे. आख्खी आहे.’’